जबड्याची हाडं कानात कशी आली? लूमच्या खडखडाटात हरवणाऱ्या कानाची 30 कोटी वर्षांची गोष्ट

नवागाम (सुरत), स्थानिक प्रतिनिधी :

आमच्या नवागाममध्ये एखाद्या घरातला टीव्ही गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला, की समजायचं त्या घरात लूमवर आयुष्य काढलेलं कुणीतरी आहे. आमच्या शेजारचे नाना त्यातलेच. धुळे जिल्ह्यातून तरुणपणी आले, उधन्याकडच्या एका लूम्सच्या खात्यात तीसेक वर्षं बारा-बारा तासांची पाळी केली. आता समोर बसून बोललं तरी दोनदा विचारतात, "काय म्हनस भाऊ?" परवा नातीनं सांगितलं, "आजोबा, ताप आलाय." नानांना ऐकू गेलं, "बाप आलाय." ते उठून दारात बघायला गेले. घरातले हसले, नानाही हसले. पण नंतर मला हळूच म्हणाले, "ऐकू येतं रे, पण समजत नाही."

ऐकू येतं पण समजत नाही, हे वाक्य डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात खानदेशातून आलेल्या कितीतरी कारीगरांच्या तोंडी ऐकलंय. असं का होतं, ते शोधायला बसलो. मी बी.कॉम. झालेला माणूस, विज्ञान दहावीनंतर सुटलं. पण वाचता वाचता गोष्ट कानावरून जबड्यावर, जबड्यावरून कवटीवर आणि तिथून थेट 30 कोटी वर्षं मागे गेली. त्यातला काही पुरावा तर मराठी मुलखाच्या दोन टोकांना, आपल्याच जमिनीत सापडलेला आहे. म्हणून हा लेख.

आधी स्वतःच्या डोक्याला हात लावा

दोन साध्या गोष्टी करून बघा.

पहिली : कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली काहीतरी सरकतं. तो तुमच्या जबड्याचा सांधा. म्हणजे जबडा कवटीला जिथे जोडलाय, ती जागा आणि कान एकमेकांना खेटून आहेत.

दुसरी : कानशिलावर बोटं ठेवा आणि दात घट्ट चावा. तिथला स्नायू फुगतो. हा स्नायू गालाच्या हाडाच्या आतून खाली उतरून जबड्याला धरतो. ज्या मोकळ्या जागेतून तो उतरतो, ती म्हणजे आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या कवटीत डोळ्यामागे असलेल्या एका भोकाची खूण.

जमिनीवर अंडी घालणारे पाठीचा कणा असलेले प्राणी 30 कोटी वर्षांहून आधी दोन घराण्यांत विभागले गेले. एका घराण्यातून पुढे सरडे, साप, मगरी, डायनासोर आणि पक्षी झाले. दुसऱ्या घराण्यात कवटीला दोन्ही बाजूंना डोळ्यामागे एकेकच भोक होतं. शास्त्रज्ञ त्यांना सायनॅप्सिड म्हणतात. गाय, कुत्रा, वटवाघूळ, देवमासा आणि आपण, सगळे या दुसऱ्या घराण्याचे.

मुलांच्या प्लास्टिकच्या डायनासोरांच्या पाकिटात पाठीवर पंख्यासारखं शीड असलेला एक प्राणी असतो, डायमेट्रोडॉन. तो डायनासोर नाहीच. डायनासोर यायच्या कितीतरी आधी तो संपला होता, आणि कवटीच्या हिशेबानं तो सरड्यांपेक्षा आपल्याला जवळचा आहे. आजोबा म्हणता येणार नाही, पण भाऊबंदकीतला नक्की.

जुना सांधा, नवा सांधा

आता मुख्य मुद्दा. सरड्याचा किंवा मगरीचा खालचा जबडा अनेक हाडांचा असतो. पुढच्या हाडात दात आणि मागे आणखी काही हाडं. त्यातलं सर्वांत मागचं हाड कवटीच्या एका हाडाला टेकतं, तोच त्यांचा जबड्याचा सांधा. कानात मात्र आवाज आत नेणारं हाड एकच.

आपलं नेमकं उलटं. खालचा जबडा एका हाडाचा, आणि प्रत्येक कानात तीन हाडं : हातोडी, ऐरण आणि रिकीब. शाळेत ही नावं पाठ केलेली असतात. यातली रिकीब सगळ्यांत लहान, साधारण 3 मिलिमीटरची. शरीरातलं सर्वांत लहान हाड तेच.

मग जबड्यातली मागची हाडं गेली कुठे? ती कानात गेली. सरड्याच्या जबड्याच्या सांध्यातली जी दोन हाडं, तीच आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण. ज्या कड्यावर आपल्या कानाचा पडदा ताणलेला असतो, ते कडंही जबड्याचंच एक जुनं हाड आहे.

हे एका दिवसात झालं नाही, आणि कुणी ठरवूनही केलं नाही. सायनॅप्सिड घराण्याच्या एका शाखेत, जिला सायनोडॉन्ट म्हणतात, दात धरणारं पुढचं हाड मोठं होत गेलं. चावण्याचे स्नायू त्यालाच जास्त धरू लागले. घास फाडून गिळण्याऐवजी चावून खाण्याकडे कल झाला. पुढे दाढा एकमेकींवर नीट बसू लागल्या आणि तोंडाला टाळूचा आडवा पडदा आला, म्हणजे घास चावतानाही श्वास चालू राहील. सगळा जोर पुढच्या हाडावर आल्यामुळे मागच्या हाडांवरचा भार कमी झाला. ती बारीक होत गेली. पण ती आधीपासूनच कानाच्या हाडाला चिकटून होती, त्यामुळे आवाजाची थरथर त्यांच्यातून आत जात होतीच. हाडं जितकी हलकी, तितका बारीक आवाज ती पुढे नेऊ शकतात.

कुणी विचारेल, सांधाच निघून कानात गेला तर मधल्या काळात प्राणी खात कसा होता? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर जीवाश्मांत मिळालं. ब्रिटनच्या वेल्स भागात सुमारे 20.5 कोटी वर्षांपूर्वीचा मॉर्गन्युकोडॉन नावाचा चिचुंद्रीएवढा प्राणी सापडला. त्याच्या जबड्याला दोन्ही सांधे होते, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. आपल्याकडे दुकानदार नवं दुकान नीट चालू झाल्यावरच जुन्याचं शटर कायमचं ओढतो, तसंच हे. आता असंही दिसतंय की सस्तन प्राण्यांच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये ही हाडं जबड्यापासून एकापेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे सुटी झाली.

जीवाश्म हाती यायच्या आधीच ही गोष्ट एकाला कळली होती. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी 1837 साली गर्भ तपासून दाखवलं, की हातोडी आणि ऐरण ही हाडं गर्भात जबड्याच्या कूर्चेतूनच तयार होतात. आईच्या पोटात असताना हे आपल्या सगळ्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. शिवाय हातोडीला ताणणारा जो बारीकसा स्नायू आहे, त्याला येणारी नस चावण्याच्या स्नायूंच्या नसेचीच फांदी आहे. हाडांनी घर बदललं, तरी वीजजोडणी जुनीच राहिली.

सिरोंच्याच्या नदीकाठी

हे सगळं वेल्स आणि जर्मनीचं झालं. पण मराठी मुलखाच्या पश्चिम टोकाला जसं आमचं नवागाम, तसं पूर्व टोकाला गडचिरोली जिल्ह्याचं सिरोंचा. तिथे प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणा. या दोन्ही काठांवरचे खडक जगभरच्या जीवाश्म अभ्यासकांना माहीत आहेत.

सिरोंचा तालुका गाजला तो बारापासॉरस या अजस्र डायनासोरमुळे. पोचमपल्ली गावाजवळ तो मिळाला आणि त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहेत ते त्याच खोऱ्यातले छोटे, कमी गाजलेले प्राणी.

नदीपलीकडे आसिफाबाद भागात मलेरी नावाच्या गावावरून ओळखले जाणारे लाल मातीचे थर आहेत, साधारण 22-23 कोटी वर्षांपूर्वीचे. तिथल्या एका सायनोडॉन्टचं वर्णन शंकर चटर्जी यांनी 1982 साली प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी. कॉलेजात स्टॅटिस्टिक्सनं मला दोनदा रडवलं, त्यामुळे हे नाव वाचून हसू आलं. पण ते संस्थेच्या नावावरून ठेवलेलं आहे. हा प्राणी झाडपाला खाणारा. त्याच्या खालच्या जबड्याचा बहुतेक भाग दात धरणाऱ्या हाडाचा, मागची हाडं अगदी बारीक उरलेली. सांधा मात्र अजून जुन्याच हाडांचा. म्हणजे सामान बांधून झालेलं, घर अजून सोडलेलं नाही, अशी अवस्था. याच जातकुळीचे प्राणी अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्येही मिळालेत, कारण तेव्हा हे भूभाग एकमेकांना जोडलेले होते.

सिरोंचा तालुक्यातच कोटा नावाचं गाव आहे. त्या गावाच्या नावाने ओळखले जाणारे खडक मलेरीच्या नंतरचे, ज्युरासिक काळातले. त्या थरातल्या एका इवल्या दातावरून पी. एम. दत्ता यांनी 1981 साली भारतातल्या पहिल्या ज्युरासिक सस्तन प्राण्याची नोंद केली : कोटाथेरियम हाल्डेनाय. नावाचा पहिला भाग कोटा गावाचा, दुसरा शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचा. गडचिरोलीच्या एका खेड्याचं नाव सस्तन प्राण्यांच्या इतिहासात असं कायमचं जोडलं गेलं.

अंधारात जगण्याची कला

त्या काळी दिवसा डायनासोरांचं राज्य होतं. आपले नातेवाईक बहुतेक बारके आणि रात्री हिंडणारे. अंधारात डोळ्यांपेक्षा नाक, कातडी आणि कान कामाला येतात. हा बदल कवटीतच वाचता येतो.

सरड्याच्या डोक्यावर मधोमध प्रकाश ओळखणारा एक तिसरा डोळा असतो, त्यासाठी कवटीला छिद्र असतं. आपल्या घराण्यातही ते होतं. पण सस्तन प्राण्यांकडे जाणाऱ्या सायनोडॉन्टांमध्ये सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वी ते छिद्र बुजलं. त्याच सुमाराला थोबाडाच्या हाडातली नसांची वाट बदलली. मांजराला असतात तशा मिशा आल्याची ती खूण मानतात.

2011 साली मॉर्गन्युकोडॉन आणि चीनमधल्या हॅड्रोकोडियम यांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन प्रसिद्ध झाले. हॅड्रोकोडियमची कवटी फक्त 12 मिलिमीटरची, वजन अंदाजे 2 ग्रॅम. दिसलं असं, की मेंदू मोठा होण्याची सुरुवात वास घेणाऱ्या भागापासून झाली, सोबत अंगावरच्या केसांतून होणारा स्पर्श.

आणि कान. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांत पोहोचलेल्या आवाजातल्या फरकावरून ओळखतो. डोकं जितकं लहान, तितका हा फरक कमी. बारक्या डोक्याला दिशा कळायची असेल तर उंच पट्टीचे, बारीक आवाज ऐकू यायला हवेत. किड्याची खसखस, पिल्लाची चीं-चीं, सगळं त्याच पट्टीतलं. सुटी, हलकी झालेली तीन हाडं इथे उपयोगी पडली. आतली ऐकण्याची नळी लांबत गेली आणि कवटीत मावावी म्हणून गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी झाली. डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात. माणसात तिचे अडीच वेढे असतात, सरळ केली तर साधारण 35 मिलिमीटर. बहुतेक पक्ष्यांना 10 हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. तरुण माणसाला 20 हजारापर्यंत येतं. वटवाघळाला लाखाच्याही वर.

आमच्याच जिल्ह्यातली वटवाघळं

वटवाघळाचा विषय निघालाच आहे, तर सुरत जिल्ह्यात परत येऊ. मांगरोळ तालुक्यात, सुरतपासून साधारण 40 किलोमीटरवर, वस्तानची लिग्नाइट खाण आहे. तिथला कोळसा वीज बनवायला जातो. या कोळशाच्या थरांमध्ये सुमारे 5 कोटी 45 लाख वर्षांपूर्वीच्या सस्तन प्राण्यांची हाडं मिळाली आहेत. घोडे आणि गेंड्यांच्या दूरच्या नात्यातला कँबेथेरियम तिथलाच. त्याच्या नावात खंभातच्या आखाताचं नाव आहे.

2007 साली वस्तानमधून वटवाघळांच्या सात जाती जाहीर झाल्या. त्या वेळी आशियातली ती सर्वांत जुनी वटवाघळं होती. हाती आले ते जबड्याचे तुकडे, दात आणि दंडाची हाडं. नखाएवढे काळे तुकडे. पण जबडा एका हाडाचा आणि दाढा उंचसखल, एवढ्यावरून प्राणी सस्तन आहे हे कळतं. या खाणीवर काम करणाऱ्यांत डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटचे संशोधकही होते. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे, ते भूशास्त्रज्ञ दाराशा वाडिया 1883 साली सुरतेतच जन्मले.

मिळालं शेवटी, जातंय आधी

आता पुन्हा नानांकडे.

आवाज पडद्यावर आदळतो, तीन हाडं तो सुमारे वीस पट दाबानं आतल्या द्रवात पोहोचवतात. कॉक्लियाच्या नळीत प्रत्येक कानात सुमारे 15 हजार केसपेशी असतात. नळीच्या दाराशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज पकडतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. सततच्या मोठ्या आवाजानं या पेशी मरतात, आणि मरायला सुरुवात होते ती उंच पट्टीच्या बाजूनं. साधारण 4 हजार हर्ट्झपाशी पहिला खड्डा पडतो.

आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, त, थ यांची धार वरच्या पट्टीत. स्वर ऐकू येतात, म्हणून आवाज येतोय हे कळतं. व्यंजनं पुसली जातात, म्हणून शब्द कळत नाही. ‘ताप’चा ‘बाप’ होतो तो असा. नानांचं "ऐकू येतं पण समजत नाही" हे शास्त्राच्या हिशेबानं अगदी बरोबर आहे.

इथे आपल्या घराण्याचा तोटा लक्षात घ्या. 1980 च्या दशकात संशोधकांना आढळलं, की कोंबडीच्या कानातल्या केसपेशी मेल्या तर नव्या उगवतात. मासे आणि बेडकांनाही ते जमतं. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात मात्र मोठेपणी त्या पुन्हा येत नाहीत. सर्वांत बारीक ऐकणारा कान आपल्याकडे आला, पण दुरुस्तीची सोय आपल्याकडे नाही. यंत्र लावून आवाज मोठा करता येतो, मेलेली पेशी परत आणता येत नाही.

आवाजाचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा आहे. 10 डेसिबल वाढले, की ऊर्जा दहापट होते. जुन्या शटलच्या लूमच्या खात्यात आवाज 95 ते 100 डेसिबलच्या घरात सहज जातो. कारखान्यांच्या नियमांनुसार 90 डेसिबलमध्ये 8 तास, 95 मध्ये 4 तास आणि 100 मध्ये फक्त 2 तास काम करता येतं. आता बारा तासांच्या पाळीचा हिशेब तुम्हीच मांडा. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला होता. "वय झालं, आता असंच चालायचं" म्हणून सोडून देण्याचा तो विषय नाही.

मग करायचं काय?

खात्यात हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे, हे ओळखायची सोपी खूण. पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होणं, हा पहिला इशारा.

कानात साधा कापूस कोंबून फारसा उपयोग होत नाही. फोमचे किंवा रबराचे कानातले बुच मेडिकलमध्ये मिळतात, नीट बसवले तर आवाज चांगलाच कमी होतो. खात्याच्या मालकानं ते द्यायला हवेत. नसतील देत तर स्वतः घ्या, पण वापरा. अधूनमधून शांत जागेत जाऊन कानाला विसावा द्या.

वर्षातून एकदा कानाची तपासणी करा. तिला ऑडिओमेट्री म्हणतात आणि ती सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात होते. 4 हजार हर्ट्झला काय दिसतं, ते मुद्दाम विचारा. खड्डा तिथे आधी दिसतो, घरच्यांच्या लक्षात यायच्या कितीतरी आधी. रिपोर्ट जपून ठेवा. उद्या भरपाईचा प्रश्न आला, तर कागद लागतो.

नानांना मी तपासणीला घेऊन गेलो होतो. गेलेलं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. यंत्राचं बघू म्हणाले. येताना रिक्षात मी नानांना ही जबड्याची आणि कानाची सगळी गोष्ट मोठ्यानं सांगितली. त्यांनी कानापुढे बोट ठेवून तोंड उघडून-मिटून बघितलं. मग म्हणाले, "धाकटा अजून लूमवर आहे. त्याला ते बुच आणून दे."

त्याच संध्याकाळी आणून दिले. धाकटा सध्या तरी वापरतोय.